कलम १५-अ : अटक, झडती आणि बाबासाहेबांनी करून घेतलेली भरपाई

संविधानाच्या छापील प्रतीत कलम १५-अ शोधायला गेलात तर सापडणार नाही. मसुद्यातल्या या कलमाला पुढे क्रमांक मिळाला २२. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, हे त्यात लिहिले आहे. आपल्या वस्त्यांमध्ये कलम १७ सगळ्यांना पाठ असते. कलम १४, १५, १६ वर भाषणे होतात. कलम २२ मात्र पोरगा आत गेल्यावर, रात्री अकरा वाजता वकिलाचा फोन लागत नसताना आठवते. म्हणून हा लेख.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत १५-अ मांडले, तेव्हा संविधानाचे काम जवळजवळ संपत आले होते. इतक्या उशिरा नवीन कलम का आणावे लागले? त्याचे उत्तर बाबासाहेबांनी त्याच भाषणात दिले. आधी मंजूर झालेल्या कलम १५ वर, म्हणजे आजच्या कलम २१ वर, देशभरातून टीका झाली होती आणि तेव्हा जे झाले त्याची आपण इथे भरपाई करीत आहोत, अशा अर्थाचे ते बोलले. मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्याच मसुद्याबद्दल भर सभेत 'भरपाई' हा शब्द वापरतो, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

भरपाई कशाची? सुरुवातीच्या आराखड्यात अशी तरतूद होती की 'योग्य कायदेशीर प्रक्रिये'शिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. हा अमेरिकेच्या राज्यघटनेतला शब्दप्रयोग. त्याचा अर्थ असा की कायदेमंडळाने केलेली प्रक्रियाही न्याय्य आहे का, हे न्यायालय तपासू शकते. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले, आणि त्यानंतर मसुद्यात 'कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया' हे शब्द आले. याचा सरळ अर्थ, कायदेमंडळाने जी प्रक्रिया ठरवली ती पाळली की झाले. ती प्रक्रियाच अन्यायी असेल तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न सभासदांनी विचारलाच. १३ डिसेंबर १९४८ च्या उत्तरात बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. एका पक्षाच्या माणसांनी भरलेले कायदेमंडळ मूलभूत हक्क तुडवू शकते हे त्यांनी मान्य केले, आणि पाच-सहा न्यायाधीशांच्या हाती सगळे सोपवावे याचीही त्यांना खात्री वाटत नव्हती. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला. कलम मसुद्यातल्या शब्दांनीच मंजूर झाले.

नऊ महिन्यांनी १५-अ आले. त्यावर एक साधा आक्षेप घेता येतो आणि आजही कायद्याचे विद्यार्थी तो घेतात. अटकेचे कारण सांगणे, २४ तासांत हजर करणे हे तर १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतेच, मग संविधानात पुन्हा कशाला? बाबासाहेबांचे उत्तर स्पष्ट होते. संहिता हा साधा कायदा आहे. कायदेमंडळ बहुमताने तो कधीही बदलू शकते. तीच दोन तत्त्वे मूलभूत हक्कांत ठेवली की संसद आणि राज्यांची कायदेमंडळे दोघांचेही हात बांधले जातात.

हा फरक इतरांना तांत्रिक वाटेल. आमच्या लोकांना तो तांत्रिक वाटण्याचे कारण नाही, कारण साधा कायदा काय करू शकतो हे या देशातल्या काही जातींनी ऐंशी वर्षे भोगले होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा रीतसर केलेला कायदाच होता. एखादी जमात सरकारने 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नोंद, हजेरी, गावाबाहेर जायला पास, आणि पासाशिवाय सापडला तर वॉरंटाशिवाय अटक. ही अटक पोलिसाने करावी किंवा गावच्या रखवालदारानेही करावी. गुन्हा काय? जन्म. १९११ च्या कायद्याने हे जाळे मुंबई आणि मद्रास इलाख्यांवरही पडले. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांच्या कुंपणात माणसांच्या पिढ्या वाढल्या. 'कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया' या शब्दांत हे सगळे बसत होते.

बाबासाहेबांना हा विषय दुरून माहीत नव्हता. १९२८ साली मुंबई सरकारने दलित व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचेच अधिकारी होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एका ओळीत बसवले आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला. म्हणजे विमुक्तांचा प्रश्न चळवळीत नंतर जोडून घेतला गेला असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही.

गावगाड्यातली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पोलीस पाटलाचा निरोप घेऊन धावणारा, सरकारी खजिन्याबरोबर चालणारा, चोराचा माग काढणारा माणूस कोण होता? महार, आणि अनेक भागांत रामोशी. १८७४ च्या वतन कायद्याखाली हे काम महारांवर पिढीजात लादलेले होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. पोलीस यंत्रणेच्या सर्वांत खालच्या पायरीवर राबणारा आणि संशय आला की सर्वांत आधी पकडला जाणारा माणूस एकाच वाड्यातला असे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'राज्यसंस्थेचे दंडशक्तीवरील एकाधिकार' शिकवले गेले. त्या धड्यात ही बाजू नव्हती.

१८९८ ची संहिता तर जातीचे नावही न घेता तेच करीत होती. तिच्या कलम ५५ प्रमाणे ज्याच्याकडे उपजीविकेचे दिसण्यासारखे साधन नाही, ज्याला स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा देता येत नाही, किंवा ज्याची 'ख्याती' सराईत चोर म्हणून आहे, अशा माणसाला ठाणेदार अटक करू शकत होता. ख्याती कोणी ठरवायची? गावाने. गाव म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको. १९७३ च्या नव्या संहितेतही अशा माणसांच्या अटकेची तरतूद राहिली. ती २०१० मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने गेली. चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याची कलमे मात्र, ज्यांना आपण 'चॅप्टर केस' म्हणतो, ती आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम १२८ आणि १२९ म्हणून जिवंत आहेत. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्या राज्यात १९५९ चा मुंबई कायदा आहे. नाव बदलले, ठाण्यातली वही तीच राहिली.

आता झडतीकडे येऊ. अटकेच्या बाबतीत निदान भरपाई झाली. झडतीच्या बाबतीत तीही झाली नाही, आणि ही कथा फार कमी लोकांना माहीत आहे.

मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे बाबासाहेबांनी जे टिपण ठेवले, त्यात लोकांची शरीरे, घरे, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना गैरवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असा हक्क होता. उपसमितीने तो स्वीकारला. वरच्या सल्लागार समितीत तो गळला. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या मोठ्या कायदेपंडिताचा त्याला विरोध होता. पोलिसांच्या तपासात अडचण येईल, हा त्या विरोधाचा गाभा.

३ डिसेंबर १९४८ ला मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तोच हक्क दुरुस्ती म्हणून पुन्हा मांडला. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली. त्यांचा युक्तिवाद पुढच्या वर्षी १५-अ साठी त्यांनी वापरला तोच होता. हे संहितेत आहेच, पण उद्याचे कायदेमंडळ ते काढून टाकू शकते, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते इतके महत्त्वाचे आहे की कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेले बरे. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी होकार देऊनही ती दुरुस्ती संविधानात आली नाही. 'बाबासाहेबांनी एकट्याने संविधान लिहिले की नाही' या वादात रस असणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. त्यांना हवे होते आणि मिळाले नाही, अशा गोष्टींची यादी केली तर आजच्या पुष्कळ दुखण्यांची मुळे तिथे सापडतात.

परिणाम लगेच दिसला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले की अमेरिकेसारखे झडतीविरोधी संरक्षण आपल्या घटनाकारांनी ठेवलेले नाही, तेव्हा ते आम्ही ओढूनताणून आणू शकत नाही. १९६२ चा खरक सिंग खटला तर आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावा असा. दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाची उत्तर प्रदेश पोलिसांनी 'हिस्टरी शीट' उघडली आणि रात्री-अपरात्री दार वाजवणे सुरू केले. न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी रद्द ठरवल्या, पण खासगीपणाचा हक्क संविधानात नाही असे बहुमताने सांगितले आणि बाकीची पाळत तशीच राहू दिली. हा निकाल त्या मुद्द्यावर पुसला जायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि १९४७ च्या बाबासाहेबांच्या त्या टिपणाचा उल्लेख त्या निकालात आहे. मधली सत्तर वर्षे कोणाच्या घरांची दारे ठोठावली गेली? बंगलेवाल्यांची नक्कीच नाही.

झडतीच्या पंचांबद्दलही बोलले पाहिजे. जुन्या संहितेत झडतीच्या वेळी वस्तीतले दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवासी हजर ठेवावेत असे होते. १९७३ मध्ये त्याला 'स्वतंत्र' हा शब्द जोडला गेला, 'प्रतिष्ठित' हा शब्द मात्र राहिला. बौद्ध वस्तीत झडती असेल तर प्रतिष्ठित कोण? पाटलाच्या वाड्यावरचा माणूस, की ठाण्यात रोज चहा देणारा? पोलिसांच्या ओळखीचे तेच ते पंच वेगवेगळ्या पंचनाम्यांत सह्या करताना आम्ही पाहिले आहेत. कायद्याला अभिप्रेत असलेला साक्षीदार म्हणजे पोलिसांवर लक्ष ठेवणारा माणूस. प्रत्यक्षात तो पोलिसांच्या बाजूने सही करणारा माणूस होतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्यातल्या संस्थेच्या आवारातील घराचे दार ते आणि त्यांच्या पत्नी घरी नसताना सुरक्षारक्षकाकडून दुसरी किल्ली घेऊन उघडले गेले. विचारवंताच्या घरी हे झाले म्हणून बातमी झाली. पारध्यांच्या पालावर हे होते तेव्हा किल्लीचाही प्रश्न येत नाही, कारण पालाला दारच नसते.

आता एक अवघड मुद्दा, जो टाळून हा लेख पूर्ण करता येणार नाही. कलम २२ च्या पहिल्या दोन उपकलमांत हक्क आहेत आणि पुढच्या उपकलमांत प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे. म्हणजे गुन्हा न करताच, 'करील' या शंकेवरून कोठडी. तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळापुढेही न्यायची गरज नाही. हेही बाबासाहेबांनीच मांडले. पंडित ठाकूरदास भार्गव, बक्षी टेकचंद यांनी त्यावर जोरदार टीका केली, आणि आमच्या मते ती टीका योग्य होती. सार्वजनिक सुव्यवस्था आणि संरक्षण दलांत बिघाड करू पाहणाऱ्यांना रोखण्यासाठी हे लागेल, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. फाळणीनंतरची दोन वर्षे डोळ्यांसमोर आणली तर ते समजते. पण संविधान लागू होऊन महिना होतो न होतो तोच फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा आला, आणि त्यानंतर अशा कायद्यांची रांगच लागली. महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए आहे, ज्याच्या पूर्ण नावातच झोपडपट्टी आणि हातभट्टी आहे. कायद्याच्या नावावरून तो कोणासाठी केला हे कळावे, असा प्रामाणिकपणा सरकारे क्वचितच दाखवतात. बाबासाहेबांना देव न मानता वाचायचे असेल तर कलम २२ पूर्ण वाचावे लागेल.

पुढच्या काळात न्यायालयांनी बरेच काही दिले. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने प्रक्रिया न्याय्य असली पाहिजे हे तत्त्व कलम २१ मध्ये परत आणले. १९९६ मध्ये डी. के. बासू निकालाने अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा मेमो, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी असे अकरा नियम घातले. २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असे बजावले.

हे नियम वस्तीपर्यंत पोहोचलेच नाहीत. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्या कच्च्या कैद्यांत दर पाचांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा. आणि दुसऱ्या बाजूला २० मार्च २०१८ चा सुभाष महाजन निकाल आठवा. अॅट्रॉसिटी कायद्याखाली अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी. अटकेबाबतची ही काळजी न्यायालयाला एका विशिष्ट कायद्यातल्या आरोपींसाठी इतक्या तपशीलाने सुचली. २ एप्रिलचा भारत बंद झाला, देशभरात आपली माणसे मेली, तेव्हा संसदेने कलम १८-अ आणले आणि २०२० मध्ये ते न्यायालयात टिकले.

यावर आम्हाला नेहमी विचारले जाते की तुम्ही एका तोंडाने अटकेपासून संरक्षण मागता आणि दुसऱ्या तोंडाने अॅट्रॉसिटीत अटक मागता, हे कसे? यात विसंगती नाही. डी. के. बासूचे अकराही नियम अॅट्रॉसिटीच्या आरोपीला लागू आहेत आणि ते लागू राहावेत. तोही कलम २२ खाली येतो. आमची तक्रार वेगळी आहे. साक्षीदारांना धमकावणारा आरोपी गावात मोकळा फिरतो तेव्हा पोलिसांना अटकेची गरज दिसत नाही, आणि मोर्चात घोषणा देणारा पोरगा मात्र रात्रीत उचलला जातो. कायदा दोघांना एकच लावा, एवढेच मागणे आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, तोडफोड झाली आणि मग वस्त्यांमध्ये धरपकड. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेले. ते वडार समाजाचे, म्हणजे विमुक्त. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले आणि सरकारचे सर्वोच्च न्यायालयातले अपीलही फेटाळले गेले. गुन्हा नोंदवून घ्यायलाच इतके महिने आणि इतकी न्यायालये लागली, हे लक्षात ठेवा.

त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातीवर आधारित कामांविरुद्धच्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना स्पष्ट सांगितले होते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या मिहिर शहा प्रकरणात आणखी पुढचे पाऊल पडले. कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि तत्काळ शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची. ती दिली नाहीत तर अटक बेकायदा. १५-अ मधल्या एका वाक्याला इतका अर्थ यायला ७६ वर्षे लागली.

म्हणून भीमजयंतीच्या मंडळांना, विहारातल्या अभ्यासवर्गांना आमची विनंती आहे की एक रविवार यासाठी काढा. नव्या संहितेची मोजकी कलमे आहेत. ३५ मध्ये विनावॉरंट अटक आणि नोटीस, ३६ मध्ये अटकेचा मेमो, ३८ मध्ये चौकशीदरम्यान वकिलाची भेट, ४७ मध्ये अटकेची कारणे, ४८ मध्ये नातेवाइकाला खबर, ५८ मध्ये २४ तास. झडतीसाठी १०३, १०५ आणि १८५. १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे, ते मोबाइलवरही चालते. झडतीच्या वेळी घरमालकाला हजर राहू द्यावे लागते, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला द्यावी लागते. वॉरंटाशिवाय झडती घेतली तर तिची कारणे पोलिसाने आधी लिहून ठेवायची असतात, ती ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जातात आणि अर्ज केल्यास त्याची प्रत घरमालकाला फुकट मिळते. हा अर्ज आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही. एक साधा नमुना अर्ज मराठीत तयार करून विहाराच्या कपाटात ठेवा. त्यात झडतीची तारीख, वेळ, घराचा पत्ता, आलेल्या अधिकाऱ्यांची नावे आणि पंचांची नावे यासाठी जागा सोडा. पंचांची नावे तिथल्या तिथे विचारून घ्या, नंतर ती फक्त पंचनाम्यात सापडतात.